माझा पोचा आणि पाच चित्रकार

मी एक जुनी किटली आहे. ॲल्युमिनियमची, दोन लिटरची, काळ्या मुठीची. मित्रांनो, एका किटलीने स्वतःची कहाणी सांगावी हा तुम्हाला आगाऊपणा वाटेल. वाटू दे. माझी आजवर दोनशेहून अधिक चित्रे निघाली आहेत. तुमची किती निघाली ते आधी मोजा आणि मग मला नावे ठेवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. यंत्राने एका गोल पत्र्याला दाबले, फिरवले, ओढले, आणि मी तयार झाले. माझ्या आधी चारशे आणि माझ्यानंतर चारशे अशा हुबेहूब बहिणी निघाल्या. सगळ्या इतक्या चकचकीत की एकमेकींच्या पोटात बघून भांग पाडता आला असता. पण आम्हाला केस नव्हते.

पुढे एका मोठ्या कचेरीच्या कॅन्टीनमध्ये मला नोकरी लागली. ती मी अकरा वर्षे इमानाने केली. साहेब आले की कचेरीतल्या सगळ्या माना खाली जात आणि मी आले की वर होत. कॅन्टीनचे मालक चांगले धिप्पाड होते. "मी कुणाच्या बापाला भीत नाही," असे ते दिवसातून तीनदा सांगत. एके दिवशी जिन्यात त्यांना पाल दिसली. ती कुणाचा बाप नसावी, तरी मालकांची पाचावर धारण बसली. हातात होते ते त्यांनी तिच्यावर फेकून मारले. हातात मी होते. पालीला काहीसुद्धा झाले नाही. मी मात्र चौदा पायऱ्या मोजत खाली आले आणि शेवटच्या पायरीचा कोपरा लागून माझ्या पोटाला अंगठा मावेल एवढा पोचा पडला. नशीब, चहा संपलेला होता.

झाले, माझी नोकरी गेली. पोचा पडलेल्या किटलीतला चहा साहेबांना कसा चालेल? मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली मी तीन वर्षे काढली. त्या काळात मला कुणी हाक मारली नाही की कुणी विसळले नाही. कोळ्यांनी तेवढा संसार थाटला. मी फार रडले असते, पण पाण्याचा एक थेंब पोटात नव्हता.

मग एक दिवस भंगारवाल्याच्या हातगाडीवरून मला एका गृहस्थांनी उचलले. ते शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी मला उन्हात धरले, गर्रकन फिरवले आणि म्हणाले, "वा! काय पोट आहे! आणि हा पोचा तर बघा!" मित्रांनो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. पोच्याचे कौतुक करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

सायकलच्या दुकानावर माळ्यासारखी एक लांबट खोली आहे. तिथे दर रविवारी सकाळी पाच जण चित्रे काढायला जमतात. मला मधल्या स्टुलावर बसवतात आणि सगळे माझ्याभोवती बसतात. प्रत्येकाचे साहित्य निराळे. सरांचे जलरंग. त्यांच्या चित्रात माझा उजेडाकडचा भाग पठार होतो आणि सावलीकडचा समुद्र. दातांचे डॉक्टर बारीक निबाने शाईचे ठिपके देत बसतात. त्यांच्या कागदावर मला गोवर आलेला असतो. शिंपीकाका कापडाचे तुकडे कापून चिकटवतात. एकदा मी त्यांच्याकडे चौकटीच्या पायजम्यातून अवतरले होते. गॅरेजवाले नुकतेच येऊ लागले होते. ते वापरून झालेल्या पॉलिश पेपरवर खडूने काढत.

पाचव्या मावशी. त्यांनी बत्तीस वर्षे कोर्टात टायपिस्टची नोकरी केली होती आणि आता त्यांची नजर चालली होती. समोरची मी त्यांना धुक्यातल्यासारखी दिसे. म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत काढली होती. डावा हात माझ्यावर ठेवायचा, अंगठा पोच्यात बसवायचा आणि तिथून बोटांनी मोजत निघायचे. पोच्यापासून तोटी एक वीत, झाकण चार बोटे, मूठ अमुक इतकी वर. उजव्या हातात तेलखडू. तो इतका दाबून ओढायचा की कागदावरची रेघ बोटाला लागली पाहिजे.

"नजर रिटायर झाली," त्या म्हणत, "बोटं अजून नोकरीवर आहेत."

चित्रे झाली की सगळी जमिनीवर ओळीने मांडायची आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्राबद्दल आधी एक बरे बोलायचे, मग एक खरे, असा तिथला नियम होता. बरे बोलायला पुष्कळ वेळ लागे. खरे मात्र सगळ्यांच्या जिभेवर तयार असे.

"डॉक्टर, ठिपके सुरेख आहेत," शिंपीकाका म्हणत. "फक्त किटली कुठल्या बाजूला आहे?"

"काका, तुमचं कापड फार छान. झाकणाला काज केलंत, आता बटण कधी लावताय?" डॉक्टर फेड करत.

मावशींच्या चित्राशी आले की मात्र सगळ्यांचा आवाज मऊ होई. त्या अर्ध्यावर असतानाच कुणीतरी म्हणे, "राहू द्या मावशी, एवढंच किती छान दिसतंय." त्यांना खरे कुणीच सांगत नसे. मावशींना ते कळत असे आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होत असे.

मग वाचनालयाने या मंडळींच्या चित्रांचे प्रदर्शन ठरवले. एकच किटली, पाच जणांच्या हातची. मावशींनी त्याच दिवशी बजावले, "ऐका. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला वर्षाची मुदत दिलीय. आजवर माझं एक चित्र पूर्ण झालेलं नाही. हे मी पूर्ण करणार आणि भिंतीवर लावणार. मध्येच 'राहू द्या' म्हणेल त्याला माझ्या हातचा खडू खावा लागेल."

दोन रविवारांत त्यांनी माझे पोट, पोचा आणि तोटी काढून संपवली. झाकण आणि मूठ राहिली. प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते.

आता माझी देखभाल आठवड्याच्या पाळीने चाले. ज्याची पाळी त्याने मला घरी न्यायचे, पुसायचे आणि रविवारी परत आणायचे. त्या आठवड्यात गॅरेजवाल्यांची पहिलीच पाळी होती. मित्रांनो, हे गृहस्थ तीस वर्षे गाड्यांचे पोचे काढत आले होते. पोचा दिसला की त्यांच्या हाताला खाज सुटे. आपण नवे आहोत, मंडळींसाठी काहीतरी करावे, असेही त्यांच्या मनात असणार. त्यांनी मला वाळूच्या पिशवीवर निजवले आणि झाकण काढून आत लाकडी दांडका घालून दोन दिवस हळूहळू ठोकले. वर पॉलिशही केले. इतक्या मायेने मला कुणी हाताळले नव्हते. आरशासमोरून नेले तेव्हा मी स्वतःला ओळखलेच नाही. कारखान्यातली ती कोवळी मी पुन्हा समोर होते! खोटे कशाला बोलू, मला आनंदाने काही सुचेना. पोच्याची आठवणसुद्धा आली नाही.

रविवारी गॅरेजवाल्यांनी माझ्यावरचे फडके झटक्यात ओढले. "बघा! कुठे होता पोचा, दाखवा शोधून!"

सरांचा ब्रश पाण्याच्या भांड्यात पडला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"काय झालं?" मावशींनी विचारले आणि नेहमीप्रमाणे डावा हात माझ्यावर ठेवला. अंगठा पोचा शोधू लागला. पुढे गेला, मागे आला, खाली उतरला. सगळीकडे नुसते गुळगुळीत. त्यांनी मला पूर्ण एक वेढा घातला, मग आणखी एक. त्यांच्या बोटांना घाम आला होता आणि त्या घामात घसरत घसरत ती माझ्या अंगावर भटकत होती. माझ्या चकचकीतपणाची मला तेव्हा लाज वाटली. मला ओरडून सांगायचे होते, मावशी, मीच आहे हो!

"ही दुसरी किटली आहे का?" त्यांनी हळूच विचारले.

"तीच आहे, मावशी," गॅरेजवाले म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. "मी पोचा काढला. मला वाटलं..."

मावशींनी हात मागे घेतला. एकेक तेलखडू चाचपून डबीत ठेवला आणि डबी बंद केली. "चांगल्या मनानं केलंत. पण मला आता हिच्यावरून वाट सापडायची नाही. तुमची चार लावा भिंतीवर. मी ऐकायला येईन."

"असं कसं!" सर उसळले. "पोचा परत पाडू! एकशे बारा चित्रं आहेत आपल्याकडे. बघून बरोबर त्याच जागी पाडू."

त्यात मावशींचे अर्धे धरलेलेच नव्हते. अर्ध्या चित्राला कोण मोजतो? कपाटातून गठ्ठे निघाले. जमीन भरून मीच मी झाले. आणि मित्रांनो, त्या दिवशी या थोर चित्रकारांचे पितळ उघडे पडले.

"तोटीच्या बरोबर खाली," डॉक्टर म्हणाले.

"काहीतरीच! कमरेपाशी, मुठीच्या बाजूला," शिंपीकाका म्हणाले आणि गळ्यातली टेप काढून चित्रे मोजू लागले. "हे बघा, साडेचार इंच. आणि हे... सहा. आणि हे..." त्यांनी टेप गुंडाळून ठेवली.

"डॉक्टर, या चित्रात दोन पोचे आहेत!" सर ओरडले.

"पहिला छान जमला होता, म्हणून आणखी एक केला," डॉक्टर म्हणाले. "पण सर, तुमच्या एकाही चित्रात पोचा कसा नाही?"

सर घुटमळले. "रंग तिथे साचत होता. म्हणून मी... गाळला."

"भंगारवाल्याच्या गाडीपाशी तुम्हीच नाचलात ना पोच्यासाठी?" शिंपीकाकांनी विचारले.

एकमेकांवर सगळे तुटून पडले. आधी बरे बोलायचे कुणालाच सुचेना, खऱ्याचा मात्र पाऊस पडला. वर्षानुवर्षे ही मंडळी माझ्याकडे टक लावून बसत होती आणि माझ्या अंगावरची एक खूण एकालाही धड सांगता येईना. मला हसू येत होते आणि भीतीही वाटत होती. चुकीच्या जागी घाव बसला असता तर मी पोचा पडलेली परकी किटली झाले असते.

गॅरेजवाले कुणाच्याही बाजूने बोलत नव्हते. त्यांनी भिंतीला टेकवलेले मावशींचे अर्धे चित्र उचलले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. "मावशी, मला बाकीच्यांचं पटत नाही. तुम्ही सांगा."

मावशींनी तेलखडूच्या जाड रेघेवर बोट ठेवले आणि त्या कागदावरून चालू लागल्या. एक हात कागदावर, दुसरा माझ्यावर. तोटीच्या बुडापासून एक वीत. झाकणाच्या काठापासून चार बोटे.

"इथे," त्या म्हणाल्या आणि अंगठा टेकवला.

शिंपीकाकांनी तिथे खडूने खूण केली. मला वाळूच्या पिशवीवर ठेवले. गॅरेजवाल्यांनी गोल तोंडाची हातोडी घेतली, उचलली आणि खाली ठेवली. "मावशी, पोचे काढून मी घर चालवलं. असा घाव कधी घातला नाही हो."

"घाला," मावशी म्हणाल्या. "मी आहे ना."

पहिला घाव इतका हळू पडला की मला गुदगुल्या झाल्या. मावशींनी चाचपून पाहिले. "अहो, टायपरायटरची कळ मी याहून जोरात मारायचे!"

दुसरा घाव मात्र टण्णकन बसला. मित्रांनो, दुखले. खूप दुखले. पण मी हूं की चूं केले नाही.

मावशींचा अंगठा पुन्हा आला. काठावर थांबला, आत उतरला, तळाशी टेकला आणि तिथेच राहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. "आहेस होय," त्या मला म्हणाल्या. इतक्या रविवारांत मला कुणी थेट काही बोलले नव्हते. सगळे माझ्याविषयीच बोलत.

त्यांनी डबी उघडली. कागदावर झाकण काढले, झाकणाची बोंडी काढली, मूठ काढली. दुपारचा दीड वाजला. जेवायला कुणी उठले नाही आणि "राहू द्या" कुणी म्हणाले नाही. शेवटची रेघ संपल्यावर मावशींनी खालच्या कोपऱ्यात स्वतःची सही केली. त्यांना सही करताना मी पहिल्यांदाच पाहिले.

वाचनालयात प्रत्येक चित्राखाली "हात लावू नये" अशी पाटी होती. मावशींच्या चित्राखालची पाटी गॅरेजवाल्यांनी स्वतः काढून खिशात घातली. लोक त्या रेघांवरून बोट फिरवत आणि मग शेजारच्या टेबलावर ठेवलेल्या मला चाचपून बघत. दोघी एकच आहोत अशी त्यांची खात्री होई.

त्याला आता तीन वर्षे झाली. मावशींची नजर पूर्ण गेली. तरीही त्या दर रविवारी जिना चढून येतात. खोलीत कोणकोण आले आहे हे विचारण्याआधी त्या माझ्यावर हात ठेवतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांना धुवा, पुसा, कोरड्या ठेवा आणि मोडक्या खुर्च्यांखाली मुळीच टाकू नका. पण एखादीचा पोचा काढायला निघालात, तर आधी एवढेच विचारा की त्या पोच्यात रोज कुणाचा अंगठा बसतो. माझ्यापुरते सांगते. मला कितीही घासा, मी कुरकुर करणार नाही. पोचा तेवढा ठेवा. तो मावशींचा आहे.