बस्स म्हणेपर्यंत

ताईने गाडी गॅरेजच्या दारात उभी केली, खाली उतरली आणि माझ्या तळहातावर एक नट ठेवला. नटाच्या पोटात स्टडचा तुटका तुकडा अडकलेला होता.

"परत?" मी ओरडलो.

"ओरडू नकोस, बाळ्या. बसवून दे."

डोक्यावर केस उरले नाहीत तरी ताईला मी बाळ्याच. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हेही तिला पाठ आहे, म्हणून ती माझ्याच स्टुलावर निवांत बसली. मी जॅक लावून चाक काढलं. स्टड म्हणजे चाकामागच्या चकतीतून, हबमधून, बाहेर आलेला, आटे पाडलेला जाड खिळा. त्यावर चाक बसतं आणि वरून नट आवळतात. एका चाकाला असे पाच. त्यातला एक मुळाशी तुटला होता आणि शेजारचा, कणकेची लोळी ताणावी तसा, मधोमध बारीक झाला होता.

कुणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळलं होतं, पुन्हा पुन्हा. मी आवळलं नव्हतं. मागच्या वेळी मी स्वतः टॉर्क पान्याने नट बसवले होते. हवं तितकं आवळलं की हा पाना 'कट' करून वाजतो आणि तिथे थांबायचं असतं. मी थांबलो होतो.

"गाडीला कोण हात लावतंय?"

"कुणी नाही."

"टायरवाला?"

"अरे, त्याच्याकडे हवा भरायलासुद्धा गेले नाही मी."

तरी मी टायरवाल्याच्या दुकानात जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, तुकडा उजेडात धरला आणि म्हणाला, "झालं बोलून? हे हाताच्या जोराचं काम नाही. पान्यावर पाय देऊन उभं राहिलंय कुणीतरी. तुझे भावजी करायचे ना असं?"

भावजींना जाऊन वर्ष होत आलं होतं.

पण खरंच, तेच करायचे असं. ताई शिकवते ती शाळा घाटाच्या पायथ्याशी आहे आणि भाचीही तिथेच शिकते. आम्ही तिला चिमणी म्हणतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्या घाटात गाडीचं चाक निखळलं होतं आणि दोघं कठड्यामुळे वाचले होते. तेव्हापासून भावजींनी घेतलं ते डोक्यात. रोज सकाळी ताई निघण्याआधी चारही चाकांचे नट आवळायचे. पान्यावर पाय ठेवून अंगाचा भार टाकायचे आणि खिडकीकडे बघायचे. ताई खिडकीतून "बस्स, घट्ट झालं!" म्हणाली की थांबायचे, बॉनेटवर दोन थापा मारायचे आणि चहाला आत यायचे. मी वैतागायचो. "भावजी, नट आहे तो, पळून जाणारा कैदी नाही!" ते हसायचे. "तुझी ताई बस्स म्हणत नाही तोवर मी कशाला थांबू?"

मी दोन्ही स्टड ठोकून काढले, नवे बसवले. मग प्रत्येक नटावरून खालच्या रिमपर्यंत पिवळ्या रंगाची एकेक रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटते, खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी मी ताईकडेच मुक्कामाला गेलो. फाटकाला कुलूप लावलं, गाडीतला पाना काढून उशीखाली ठेवला आणि झोपलो. चोर असला तर त्याचे दात पाडायचे ठरवलं होतं. चोर नसला तर काय करायचं, ते ठरवलं नव्हतं.

उजाडत होतं तेव्हा जाग आली. बाहेरून आवाज येत होता. करर्र. मग थोडं थांबून परत करर्र.

मी उशीखाली हात घातला. पाना तिथेच होता, गारढोण.

मी पुढच्या खोलीत गेलो. ताई आधीच खिडकीशी उभी होती, तोंडावर हात दाबून. बाहेर शेडमध्ये गाडी होती आणि गाडीपाशी कुणी नव्हतं. कुणीही नव्हतं. फक्त पुढचं चाक आवाजासरशी जरासं दबत होतं, कुणी भार टाकावा तसं. आता चांगलं दिसायला लागलं होतं. एका नटावरची पिवळी रेघ माझ्या डोळ्यांदेखत तुटली आणि नटावरचा तिचा तुकडा हळूहळू पुढे सरकला.

"ताई," मी म्हणालो, "तुला माहीत होतं."

"रोज येतात." तिने खिडकीवरची नजर काढली नाही.

"अगं, मग बोल ना! बस्स म्हण!"

"म्हटलं की थांबतील. थांबले की जातील." ती रडत नव्हती. "तो दवाखान्यातला दिवस आठव. मी औषध आणायला खाली गेले होते, वर येईपर्यंत ते गेले होते. निघते म्हणायलाही मिळालं नाही मला. आता रोज सकाळी एवढं ऐकायला मिळतं. तेही काढून घेऊ नकोस, बाळ्या."

करर्र. मग टप असा बारीक आवाज आला आणि नट फरशीवर घरंगळत गेला. मी कालच बसवलेला स्टड तुटला होता.

"ताई, एक गेला की बाकीच्यांवर भार येतो. घाटात चाक निखळलं तर? ते ज्याला घाबरत होते तेच होईल, आणि त्यांच्याच हातून होईल!"

करर्र.

तेवढ्यात आतून चिमणीने हाक मारली. "आई, माझे मोजे कुठेत? उशीर होतोय ना!"

ताईने डोळे मिटले. मग खिडकी उघडली आणि नेहमी मारायची तशीच मोठ्याने हाक मारली, "बस्स! घट्ट झालं!" शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला.

आवाज थांबला. दबलेलं चाक सावकाश वर आलं. बॉनेटवर दोन थापा पडल्या आणि पत्र्यावरची धूळ उडाली. मग काहीच नाही. ताई दाराकडे वळली आणि उभीच राहिली, चहाला कुणी आत येणार असल्यासारखी.

मी सगळे स्टड बदलले आणि नव्या रेघा ओढल्या. त्या हलल्या नाहीत. मी अधूनमधून जाऊन पाहायचो आणि मनातल्या मनात सुटलो म्हणायचो. ताईला विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

मग एका दुपारी ताईची गाडी गॅरेजकडे येताना दिसली. माणूस चालेल त्या वेगाने येत होती, मागची वाहनं हॉर्न वाजवून शिव्या देत होती. गाडीत ती एकटीच होती, चिमणीला तिने बसने पाठवलं होतं. मी चाकापाशी वाकलो. एका नटावरची रेघ तुटली होती, पण या वेळी उलट्या बाजूला. नट सैल होता, बोटाने फिरत होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं, पण उत्तर मला कळलं होतं.

"मीच. काल संध्याकाळी." ताई स्टुलावर बसली. "मला वाटलं, सैल दिसला तर येतील."

"आणि?"

तिने नकारार्थी मान हलवली. पहाटेपासून खिडकीशी उभी होती म्हणाली.

मी टॉर्क पाना घेतला आणि नट आवळायला बसलो. कट वाजलं. मी थांबलो नाही. पुन्हा कट वाजलं. डोळ्यांपुढे पाणी आलं होतं, रेघ दिसत नव्हती, आणि मला थांबताच येईना. मी पान्यावर अंगाचा भार टाकला.

ताई उठून माझ्यामागे आली. माझ्या खांद्यावर तिचा हात पडला.

"बस्स, बाळ्या," ती म्हणाली. "घट्ट झालं."