एक माप लहान

“अम्मा, ह्या मागल्याच मापाच्या का गं?”

थोरल्या लेकीचा, मुमताजचा हा आवाज जैतुनबीच्या कानातून कधी गेलाच नाही.

कुसगावची जैतुनबी बांगड्या भरायची. लोणावळ्याच्या बाजारात टोपली मांडून बसली की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया तिच्याचकडे यायच्या, कारण तिचा हात हलका. बाईची बोटं चेपत ती गुणगुणायची:

मऊ कर हात बाई, जशी लोण्याची गोळी गं,
काच चढे मनगटी, कळ जाई आभाळी गं.

ओवी सरेतो काच मनगटात. “दुखंल का?” कुणी विचारलं, तर तिचं ठरलेलं उत्तर, “न्हाई गं बाई.”

मुमताजला मधुमेह झाला तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. डॉक्टरांनी भाकर बंद केली, उकडलेला पाला तेवढा ठेवला. पोर वाळत चालली, बांगड्या कोपराकडं सरकू लागल्या. मग जैतुनबी गुपचूप एक माप लहान भरायची नि म्हणायची, “मागल्याच की गं. हात हाय तसाच हाय तुझा.” पुढं आणखी लहान. अखेरीला पाळण्यातल्या लेकराचं माप आलं. मयतीला न्हाऊ घालताना त्याही बांगड्या काढाव्या लागल्या नाहीत. आपसूक गळून पडल्या.

दोन पावसाळे गेले नि धाकटी हसिना तशीच तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला लागली. या खेपेला मात्र डॉक्टरांनी मुंबईहून नवं निघालेलं औषध, इन्शुलिन, मागवलं. जेवणाआधी मांडीत सुई टोचायची. दवाखान्यात शिकवून झालं, आज घरची पहिली सुई होती.

माठाखालच्या गारव्यातली बाटली काढून झाली. चाँदभाईनं उकळलेली काचेची पिचकारी बायकोच्या हाती दिली. तिनं सुई पोरीच्या मांडीजवळ नेली नि मागं घेतली.

“साऱ्या मावळाची मनगटं चेपलीस,” तो म्हणाला, “नि पोरीच्या मांडीला भितीस व्हय?”

“काच चढवणं येगळं. हे टोचणं हाय.”

“मग आण हिकडं.”

“तुमचा हात म्हंजी पहार. ऱ्हाऊ द्या.”

हसिना खुदकन हसली. मग हळूच म्हणाली, “अम्मा, दुखंल का?”

जिभेवर आलेलं ते रोजचं ‘न्हाई’ जैतुनबीनं गिळलं. एका लेकीला खोटं सांगून झालं होतं.

“दुखंल,” ती म्हणाली. “पर थोडंच.”

नि तिनं सुई टोचली. हसिनानं ओठ दाबला, रडली नाही. रडली जैतुनबी. पोरीची मांडी चोळता चोळता म्हणाली, “तुझ्या मुमताजआपाला बी असंच खरं सांगाया हवं हुतं. बिचारी माझ्या बोलण्यावर इसंबून गेली.”

हसिनानं तिचे डोळे पुसले.

“आपाला ठावं हुतं, अम्मा.”

जैतुनबीचा हात थांबला.

“पैली बांगडी तिनं उशीखाली ठिवली हुती. तू बाजाराला गेलीस की हातातली काढून तिच्या आत ठिवून बघायची. मला शपथ घातलीती. म्हणली, अम्माला सांगू नगंस. मला कळलं न्हाई, असंच वाटू दे तिला.”