पानावर चिकटलेला मासा

मी एक जुनी चिकटवही आहे. पोट सुटलेली, पाठ खिळखिळी झालेली, एका कोपऱ्यावर उंदराने चव घेऊन पाहिलेली. मित्रांनो, आज माझ्या अंगावर देशोदेशींचे कागद आहेत, पण जन्म माझा अगदी साधा. बाइंडिंगच्या कारखान्यातले उरलेले पुठ्ठे, कातरणीतून वाचलेले कागद आणि मेण लावलेला दोरा, एवढ्यावर मी उभी राहिले. मला शिवलं ताईने. ती त्याच कारखान्यात पुस्तकं बांधायची.

ताईचा धाकटा भाऊ जहाजावर स्वयंपाकी होता. ती त्याला भटक्या म्हणे. त्याच्या प्रत्येक पत्रातून एखादा कागदी नमुना निघायचा. चीनमधून खिडकीवर लावायची लाल कातरफुलं आली. तुर्कस्तानातून पाण्यावर रंग तरंगवून टिपलेला कागद आला. पोलंडहून रंगीत कागदांचे थर लावलेला कोंबडा आला. तिथल्या बाया तो मेंढीची लोकर कातरायच्या कात्रीने कापतात, असं भटक्याने लिहिलं होतं. ताई हसली, "आणि आम्हाला साधी नखं धड कापता येत नाहीत!"

ती नमुना आधी उलगडून बघे, घड्या मोजे, मग स्वतः करून पाही. डाव्या पानावर भावाचा नमुना, उजव्या पानावर तिचा. पण तिने नुसती नक्कल कधी केली नाही. डावीकडचा कोंबडा पोलंडचा. उजवीकडचा मात्र शेजारणीच्या कोंबड्यासारखा मान वाकडी करून टपलेला. कापता कापता ती गुणगुणायची,

घडीवर घाली घडी, कागदाचा झाला पक्षी
दूरच्या बंधवाची, कात्री माझी बाई साक्षी

शेजारणी मला मागून नेत. "ताई घरात बसून जग फिरते," असं म्हणत. मीही तेव्हा जरा फुगलेच होते!

एकदा जपानहून घडीचा पक्षी आला. ताईने तो शिकायला उलगडला आणि घड्या विसरली. दोन दिवस खटपट केली. हाती उरला नुसता चुरगळलेला चौकोन. "भावाने केलेली घडी मी मोडली," ती मलाच म्हणाली. "आता काहीही येऊ दे, उलगडणार नाही." लाजेपोटी भावाला मात्र तिने हे कळवलं नाही.

पुढच्या पाकिटातून निळा मासा निघाला. सोबत चिठ्ठी नाही.

"शेफारलाय नुसता! दोन ओळी लिहायला हात दुखतात?" असं पुटपुटत तिने चिकटवायला पिठाची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातला, आणि मासा जसाच्या तसा माझ्या पानावर घट्ट बसवला.

मित्रांनो, माशाच्या पोटात अक्षरं होती. ती माझ्या पानाला रोज जाणवत. पण वहीला तोंड कुठे असतं?

त्यानंतर पत्र आलंच नाही. ताईने दोनदा लिहिलं, दोन्ही पत्रं पत्ता बदलल्याचा शिक्का घेऊन परत आली. तिची कात्री खणात गेली, मी कपाटावर, ट्रंकेखाली. अकरा वर्षं माझ्यावर धूळ बसली. कुणी विचारलं तर ताई म्हणे, "तो सुखात असेल. मला विसरलाय, एवढंच."

मग घराला रंग द्यायचं निघालं. रंगाऱ्याने ट्रंक ओढली आणि मी धाडकन खाली पडले. खळ वाळून पापडी झाली होती. मासा सुटला, त्याची एक घडी उघडली.

"ताई," रंगारी शिडीवरून उतरत म्हणाला, "या माशाने काहीतरी गिळलंय बघा. शाईचं आहे."

ताईने मासा उलगडला. आत लिहिलं होतं,

"ताई, तू सगळं उलगडून बघतेस, म्हणून यातच लिहितो. समुद्राचा कंटाळा आला. घरी येऊ का? तुझ्याकडे खळ ढवळीन. हो म्हणालीस तर लगेच निघतो. उत्तर नाही आलं तर समजेन, जागा नाही. पुन्हा विचारून तुला अवघडवणार नाही. नवा पत्ता खाली देतोय."

ती रंगाच्या डब्यावरच बसली. रंगारी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवून बाहेर गेला.

त्याच दिवशी तिने निळ्या कागदाचा मासा केला. जुन्या माशाच्या खुणा बघत, एकेक घडी. वरच्या बाजूला ठळक लिहिलं, "उघड. आत लिहिलंय." आणि तो भावाने दिलेल्या पत्त्यावर धाडला.

पत्ता अजून तोच होता. सात आठवड्यांनी भटक्या दारात उभा राहिला. केस पिकलेले, हातात ताईने धाडलेला मासा, उघडून उघडून मऊ झालेला.

"वाळलास रे," ताई म्हणाली.

"तू पण काही कमी म्हातारी झाली नाहीस," तो म्हणाला.

आता तो खळ ढवळतो. गुठळ्या होतात. "जहाजावर लोक जेवायचे तरी कसे?" असं ताई विचारते. पहिल्याच दिवशी तो जुना मासा पुन्हा चिकटवायला निघाला होता. ताईने त्याचा हात धरला आणि माझ्या पानावर कागदाचा एक खिसा केला. आता दोन्ही मासे त्यात राहतात. येईल त्याने काढावे, उलगडावे, वाचावे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी हाताने केलेलं काही असेल. ते जरूर जपा. पण नुसतं चिकटवून, वर ट्रंक ठेवून जपू नका. अधूनमधून उलगडून बघा. घडी मोडली तर मोडू दे, पुन्हा घालता येते. माझ्या पानावर अकरा वर्षांचा माशाच्या आकाराचा डाग आहे, तो मात्र कशानेच निघत नाही.