तात्यांचा कुजका ब्रश

शिलाई मशिनं दुरुस्त करत गावोगाव फिरणाऱ्या तात्यांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असे. त्या दिवशी ते दुकानात शिरले ते ओरडतच.

“हा दाढीचा ब्रश! प्रवासाला बरा, सोबतच्या नळीत मावतो, स्वस्त आहे, म्हणून माझ्या गळ्यात मारलात. महिन्यात कुजला! तोंडाला लावला की मेलेल्या उंदरासारखा वास!”

दुकानदारानं नळी उलटी करून पाहिली. बुडाशी हवेसाठी पाडलेल्या भोकांवर चिकटपट्टी होती.

“तात्या, ही कोणी लावली?”

“मी! तुमच्याच दुकानातून नेलेली. बॅगेतले शर्ट ओले होत होते. भोकं पडलेली नळी विकायला लाज नाही वाटली?”

“अहो, भोकं बुजवल्यावर ओला ब्रश वाळणार कसा?”

तात्या चिडून चिकटपट्टी नखानं उचकटायला लागले. ती काही केल्या निघेना.

“दुसरा द्या! तसलाच, स्वस्तातला.”

दुकानदारानं हुश्श करत नवा ब्रश पुढे ठेवला. तात्यांनी नळी उलटी केली आणि भोकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं.

“आणि ती चिकटपट्टीही द्या,” ते गुरकावले. “तुमच्या अख्ख्या दुकानात तेवढी एकच वस्तू चांगली!”