उभी आहे तोवर

सभागृहाचं नियमांचं पुस्तक चांगलं उशीएवढं जाड होतं. सदस्यानं टोपी कुठल्या हातात धरावी, अध्यक्षांकडे पाठ न करता दारापर्यंत कसं जावं, खोकल्याची उबळ आली तर काय करावं, सगळं त्यात होतं. एका सदस्यानं दुसऱ्याला बदडून काढलं तर काय करावं, एवढं मात्र राहून गेलं होतं. लिहिणारी मंडळी सभ्य होती, त्यांच्या डोक्यातच ते आलं नसणार.

त्या दुपारी धाकटी बोलायला उभी राहिली तेव्हा मुख्य मार्शल अध्यक्षांच्या आसनाखाली, उजव्या हाताला, आपल्या ठरलेल्या जागी उभा होता. हातात पितळी टोकाची काठी. तासन्‌तास न हलता उभा राहायचा म्हणून सदस्य त्याला खांब म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. धाकटी त्याची सख्खी बहीण. दोघं एकाच छताखाली कामाला होती, ती विरोधी बाकावर, तो काठी धरून, आणि आत शिरल्यावर एकमेकांना ओळख द्यायची नाही असं त्यांचं ठरलेलं होतं.

विधेयक होतं माफीचं. बंदराच्या फाटकावर जमावावर गोळ्या चालल्या होत्या. त्या चालवणाऱ्यांवर आणि तसा हुकूम देणाऱ्यांवर कधीही खटला भरता येणार नाही, एवढंच त्यात लिहिलेलं होतं. फाटकावर जे मेले त्यांत धाकटीचा मुलगा होता. कॉलेजातून घरी येताना गर्दी बघायला थांबला, बस, एवढाच त्याचा गुन्हा. मामाच्या मोटारसायकलवर मागं बसून ओरडत गाणी म्हणणारा पोरगा, मामानंच शवागारात जाऊन ओळखला होता.

सरकारनं विधेयक तातडीचं म्हणून आणलं. तातडीच्या विधेयकाचा नियम असा, की त्यावर त्याच दिवशी मत घ्यायचं. सूर्य मावळल्याची घंटा झाली आणि मत झालेलं नसलं तर विधेयक मेलं, आणि त्या सभागृहात ते पुन्हा आणता येत नाही. मत कधी घ्यायचं? बोलणाऱ्याचं बोलणं संपलं की. आणि बोलणाऱ्याचं बोलणं दोनच गोष्टींनी संपतं: तो आपणहून खाली बसला, किंवा त्याला बाहेर न्यायचा हुकूम अध्यक्षांनी दिला आणि तो मार्शलच्या कानी पडला. कानी पडला म्हणजे मार्शलनं काठी जमिनीवर आपटायची आणि ‘ऐकलं, महाराज’ म्हणायचं. ही जुनी रीत होती. काठी वाजेपर्यंत हुकूम म्हणजे नुसते शब्द.

तर धाकटी उभी राहिली आणि बोलत सुटली. गोळ्यांबद्दल बोलली, बंदराबद्दल बोलली, मेलेल्या एकेकाचं नाव घेऊन त्याचं घर, त्याचा धंदा, त्याच्या मागे राहिलेली माणसं सांगत गेली. सत्ताधाऱ्यांनी आधी जांभया दिल्या, मग बाकं बडवली, मग आरडाओरडा केला. तिचा आवाज बसला तरी ती थांबेना. वरच्या काचांतून येणारं ऊन तांबूस व्हायला लागलं तसे समोरचे कासावीस झाले.

“बसवा तिला!” कुणीतरी ओरडलं, आणि पहिलवान उठला.

पहिलवान हे त्याचं टोपणनाव. निवडून येण्याआधी तो काय करायचा हे कुणी विचारत नसे. तो बाकांवरून उड्या टाकत आला, मागून आणखी चौघं-पाचजण. विरोधी बाकावरचे मध्ये पडले त्यांना लाथा बसल्या. एका म्हाताऱ्या वकिलाचा चष्मा बुटाखाली चुरडला, आणि त्याच्या बोटांवर कुणीतरी मुद्दाम पाय दिला. पहिलवानानं धाकटीचे केस धरले आणि तिचं तोंड मेजावर आदळलं. नाक फुटलं. तिनं मेजाची कड दोन्ही हातांनी धरली, पुन्हा ताठ झाली आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं.

खांब पुढं झुकला. त्याचं पाऊल उचललं गेलं. धाकटीनं ते पाहिलं.

सभागृहात बोलायचं ते फक्त अध्यक्षांना उद्देशून, दुसऱ्या कुणाला नाही, असा नियम आहे. तिनं तोही मोडला नाही.

“अध्यक्ष महाराज,” रक्त थुंकून ती म्हणाली, “माझ्या भावाला सांगा, जागचा हलू नकोस. माझ्या पोराची शपथ आहे.”

अध्यक्ष सवयीनं म्हणाले, “सदस्य नसलेल्या माणसाचा उल्लेख कामकाजातून काढून टाका.” तसा तो काढला गेला. आणि जे काढून टाकलं ते बोललंच गेलं नव्हतं, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. त्याचा दाखला पुढं कुणालाही देता येत नाही.

पहिलवानानं तिच्या कानशिलात भडकावली. दुसऱ्यानं मागून कमरेत लाथ घातली. ती वाकली, सरळ झाली, बोलली. ओठ फाटल्यामुळे शब्द धड निघत नव्हते, पण निघत होते. अध्यक्ष तसे वाईट गृहस्थ नव्हते. मऊ, भित्रे, जेवणवेळेला जपणारे. समोर चाललेलं बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मारणाऱ्यांना बाहेर काढायचा हुकूम त्यांना देता आला असता. पण ते त्यांच्याच पक्षाचे होते, आणि पुस्तकही त्यांच्याच सोयीचं होतं: गोंधळ ज्याच्याभोवती चालला असेल त्याला बाहेर न्यावं.

“मार्शल!” अध्यक्ष ओरडले. “बाईंना बाहेर न्या! मरेल ती! अहो, ऐकताय ना? बाहेर न्या तिला!”

खांबानं ऐकलं. प्रत्येक शब्द ऐकला. काठी आपटायची, मधल्या मोकळ्या हौद्यातून धावत जायचं, पहिलवानाच्या मानेवर एक घालायची आणि बहिणीला उचलायचं. ती वाचली असती. आणि तिच्या लेकराला मारणारे त्याच घटकेला मोकळे सुटले असते.

“साहेब, हुकूम झालाय,” शेजारचा मार्शल त्याच्या कानाशी म्हणाला. मुख्य हलल्याशिवाय बाकीच्यांनी हलायचं नव्हतं. “साहेब! तुमची बहीण आहे ती!”

“गप्प उभा राहा,” खांब म्हणाला. काठीचं टोक चुकूनही जमिनीला लागू नये, यासाठी त्यानं ती उचलून छातीशी धरली.

पहिलवानानं मेजावरचा पितळी दिवा उपटला आणि तिच्या डोक्यात घातला. आवाज ओल्या लाकडाचा झाला. धाकटी दोन बाकांच्या मधल्या जागेत कोसळली, आणि पहिलवान तिच्यावर गुडघा रोवून बसला. खांबाला तिथून फक्त तिची एक चप्पल दिसत होती.

“बसली!” सत्ताधारी ओरडले. “बोलणं संपलं! मत घ्या!”

“पडली आहे!” चष्मा फुटलेला वकील रक्ताळलेला हात वर करून किंचाळला. “पडणं म्हणजे बसणं नव्हे! हरकतीचा मुद्दा आहे, अध्यक्ष महाराज!”

आणि मग, कुणाला खोटं वाटेल, पण तिथं वाद झाला. बाई खाली निपचित पडलेली, आणि वर शहाणीसुरती माणसं पुस्तकाची पानं उलटत बसण्याची व्याख्या शोधू लागली. एक म्हणाला, पार्श्वभाग बाकाला टेकला पाहिजे. दुसरा म्हणाला, जमीनही चालते. अशा लोकांच्या हातात आपण देश देतो. ते भांडत होते तोवर काचांवरचं ऊन विझलं आणि घंटा झाली.

विधेयक मेलं.

खांब तेव्हा धावला. समोर आलेल्याला त्यानं काठीनं झोडपलं, पहिलवानाच्या दोन फासळ्या मोडल्या, त्याचे दात बाकाखाली उडाले. पण कामकाज संपलं होतं, आता त्याला काही अर्थ नव्हता. धाकटी शुद्धीवर आलीच नाही. इस्पितळात पहाट व्हायच्या आत ती गेली. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, “तू कुठे होतास रे?”

खरं सांगायची सोय नव्हती. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही, कारण महिन्याभरात हक्कभंग समिती बसली. सरकारचं म्हणणं साधं होतं. हुकूम घंटेच्या आधी झाला होता. मार्शलनं तो ऐकलेला असेल, तर काठी वाजो न वाजो, भाषण तिथंच संपलं, मत घ्यायला हवं होतं, आणि विधेयक अजून जिवंत आहे. न्यायालयात गोळीबाराचा खटला नुकताच उभा राहिला होता. शेजारच्या मार्शलनं आपण काही बोललोच नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे सगळं आता एका माणसाच्या कानांवर येऊन ठेपलं.

समितीत पहिलवानही होता. मारणाऱ्याला अपात्र ठरवणारा नियम नव्हता, मघाशी सांगितलंच. छातीला पट्टे बांधून, खोटे दात लावून तो तिच्याच मृत्यूबद्दल प्रश्न विचारायला बसला होता.

समितीच्या प्रमुखांनी खांबाला मायेनं विचारलं. “तुम्ही बहिणीला वाचवायला निघाला होतात, गर्दीनं अडवलं, असंच ना? तसं सांगा. नोकरी राहील. लोकही नावं ठेवणार नाहीत. फक्त एवढं सांगा, हुकूम ऐकलात?”

“नाही.”

“आसन तुमच्यापासून हातभर अंतरावर होतं.”

“आसनाकडचा, डावा कान अधू आहे, साहेब. लहानपणापासून. नोकरी जाईल म्हणून लपवलं होतं. त्या गोंधळात मला काहीच ऐकू आलं नाही.”

बाहेर वर्तमानपत्रवाले होते. उद्या आई वाचणार होती, बहीण मरत होती आणि भाऊ बहिरा होता. आईला ठाऊक होतं, त्याला शेजारच्या घरातलं कुजबुजणंही ऐकू येतं.

प्रमुखांनी मान डोलावली आणि ते कागदात डोकं घालून बसले. पहिलवान पाणी प्यायला उठला. पेला घेऊन तो खांबाच्या मागून डावीकडे आला आणि अधू म्हणून सांगितलेल्या कानाशी अगदी जवळ वाकला. आता तो खांबाचा चेहरा न्याहाळत होता.

“खाली पडल्यावर बोलत होती ती,” पहिलवान हळूच म्हणाला. “मी वरच होतो ना, मला ऐकू आलं. तुला हाका मारत होती. दादा ये, दादा ये, म्हणत होती. घंटा होईपर्यंत.”

ते खरं होतं की खोटं, हे सांगू शकणारा जगात पहिलवान एकटाच उरला होता. त्याला विचारायचं म्हटलं तर मान फिरवावी लागणार होती.

खांब समोर बघत राहिला. त्यानं प्रमुखांना विचारलं, “साहेब, अजून काही विचारायचं आहे का?”