सेलामचं हळदीकुंकू

श्रावणातल्या तिसऱ्या शुक्रवारी हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांकडून सह्या घ्यायच्या, असं मी ठरवलं. पद्माकर, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, "दूध-फुटाण्यांना बोलावलंयस की युनियनची मीटिंग आहे?"

"दोन्ही. तुम्ही वर जाऊन क्रिकेट बघा," मी म्हटलं. लेस्टरमध्ये बत्तीस वर्षं नर्सिंग केल्यावर हुकूम सोडायची सवय लागते.

पत्र आमच्या खासदाराला होतं. आसरा मागायला समुद्रातून येणाऱ्यांच्या बोटी इटली वाटेतूनच लिबियाला परत पाठवत होतं. ब्रिटनने त्याला उघड विरोध करावा, एवढीच मागणी. हे खूळ माझ्या डोक्यात भरलं सेलाममुळे. ती एरिट्रियाची, माझ्याच वॉर्डात सफाईला. तिचा धाकटा भाऊ मे महिन्यात अशाच एका बोटीत होता. आता तो लिबियात कोठडीत होता. पुढच्या आठवड्यात शनिवारी खासदाराला भेटायचं, त्याआधी चाळीस सह्या जमवते, असं मी तिला छाती ठोकून सांगितलं होतं.

सेलामलाही मी आग्रहाने बोलावलं. ती आली आणि सगळ्यांत मागे अंग चोरून बसली. मी उभी राहून भाषण ठोकलं. दारात आलेल्याला पाणीसुद्धा न विचारता परत पाठवतो का आपण? बायका गहिवरल्या. त्यांतली तरुण वरदा म्हणाली, "काकू, मी ऑफिसमधल्यांच्या पण सह्या आणते."

मग मी कुयरी घेतली आणि ओळीने हळदीकुंकू लावत सेलामपर्यंत पोचले. हळद लावली. तिने हसून कपाळ पुढे केलं. तेवढ्यात तिच्या शेजारी बसलेल्या सुचेताने तिला इंग्रजीत सहज विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"तो नाही," सेलाम म्हणाली. "आम्ही येताना समुद्रात गेला."

माझा हात थांबला. चिमटीत कुंकू, तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर. खरं सांगते, मी तो ठरवून थांबवला नाही, पण थांबला. सेलामला आमच्या रीतीतलं काही माहीत नव्हतं. पण असे थांबलेले हात तिने पुष्कळ ठिकाणी पाहिले असणार. ती हळूच मागे सरकली आणि तिने पर्स उचलली.

"शैला!"

स्वयंपाकघराच्या दारात माझ्या मोठ्या जाऊबाई उभ्या होत्या, लीलावहिनी. भावजी गेल्यापासून अकरा वर्षं त्या आमच्याकडे राहतात आणि दर हळदीकुंकवाला आत दूध आटवत बसतात. त्यांना कुणी आत बसा म्हटलेलं नाही. बाहेर या, असंही मी कधी म्हटलेलं नाही.

"चाळीस सह्या मागतेस," त्या म्हणाल्या, "आणि एका कपाळाला घाबरलीस होय गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सेलामचा हात धरून मी तिला बसवलं, सॉरी म्हटलं, कुंकू लावलं. मग तशीच दारापर्यंत गेले आणि दुसरी चिमूट वहिनींच्या कपाळाकडे नेली. त्यांनी अडवायला माझं मनगट धरलं, पण ढकललं नाही. डोळ्यांत पाणी आल्यामुळे माझा नेम चुकला.

"अगं, नाकावर सांडलंस सगळं," वहिनी म्हणाल्या. पदराने नाक पुसलं, कपाळावर लागलेल्या कुंकवाला हात लावला नाही. दुधाचा ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या आणि सेलामला खेटून बसल्या.

"पेन दे इकडे," त्या मला म्हणाल्या.