बटणांच्या फळीची मागची बाजू

मी एक फळी आहे. प्लायवूडची, हातभर लांब. सुतारानं मला घासून गुळगुळीत केलं आणि कॉलेजातल्या विजया मॅडमनी माझ्यावर शर्टाची बटणं, पॅन्टची चेन आणि बुटाची नाडी बसवून घेतली. आजारपणात हात लुळा पडला, की कपडे घालण्यासारखी रोजची कामं माणसाला पुन्हा शिकावी लागतात. ती शिकवणं म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. आमच्या कॉलेजात मुला-मुलींना ती शिकवतात, आणि कॉलेजच्या दवाखान्यात रुग्ण येतात.

माझ्यावर कितीतरी बोटं अडखळली आणि सुधारली. त्यामुळे मला वाटायचं, कपडे म्हणजे बटणं आणि चेनच.

मग राजूरच्या मनकर्णाबाई आल्या. त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली होती. शेवटच्या वर्षाच्या भार्गवीनं मला त्यांच्यापुढे ठेवलं. तिच्या घरी सगळे शिक्षक. समजावून सांगायची तिला सवय.

"आजी, आता गाऊनच घाला. पुढून बटणं, सोपं पडेल."

"गाऊन घालून दारात बसू व्हय मी?" म्हणत मनकर्णाबाईंनी तोंड फिरवलं. नंतर कितीही सांगितलं, तरी त्यांनी मला हात लावला नाही.

भार्गवी वैतागून मॅडमकडे गेली. "त्यांना बरं व्हायचंच नाही, मॅडम."

"त्यांना काय घालायचंय, हे विचारलंस?"

भार्गवीनं ते विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती खाटेशेजारी बसली आणि तिनं विचारलं. मनकर्णाबाई हळू म्हणाल्या, "लुगडं. माझं मला नेसता यावं. रोज सुनंम्होरं तसं उभं ऱ्हायचं, लई लाज वाटती."

"मला नऊवारी येत नाही, आजी. तुम्ही शिकवाल?"

पडद्याआड दोघींची शाळा भरली. भार्गवी आपल्या कपड्यांवरून, उजवा हात पाठीमागे धरून नेसू लागली. गाठ बसेना, निऱ्या सुटून पायात आल्या. मनकर्णाबाईंचंही तेच झालं. "ऱ्हाऊ दे पोरी," म्हणून त्या खाली बसल्या.

भार्गवीनं हार मानली नाही. तिनं कमरेला घालायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा आणला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "मंग गाठ कशाला? लुगडं ह्यातच खोचू." बसून नेसायचं, भिंतीला टेकून निऱ्या धरायच्या, असं एकेक करत जमत गेलं.

ज्या दिवशी कासोटा एकटीनं खोचला गेला, त्या दिवशी मनकर्णाबाई सुनेला न बोलावता व्हरांड्यात जाऊन बसल्या. सून सविता धावत आली.

"आत्याबाई, वाकडा बसलाय."

"वाकडा आसंना. माझा मी खोचलाय."

भार्गवीनं नंतर माझ्या मागच्या बाजूला कमरपट्टा आणि लुगड्याचा तुकडा बसवला. मला फार बरं वाटलं.

परवा अकोल्याचे आसारामबाबा आले. धोतर, पांढरी टोपी. त्यांना पाहताच भार्गवीनं माझी मागची, लुगड्याची बाजू वर ठेवून मला मांडलं. मग तिला काही आठवलं असावं. ती थांबली. "बाबा, तुम्हाला काय घालायला शिकायचंय?"

बाबा जरा लाजले. "पॅन्ट. नातू मोटारसायकलवर नेतो म्हनतोय, धोतर चाकात आडकतं."

भार्गवी मोकळेपणानं हसली आणि तिनं मला उलटं केलं.

माझी चेन आता जरा घट्ट झाली आहे, दोन बटणं सैल आहेत, पण काम चालू आहे. मला हाताळणाऱ्या मुलांनो, माझी कुठली बाजू वर ठेवायची, ते समोर बसलेल्या माणसाला विचारा. अंदाज बांधू नका.